फॉण्ट कुठला लावायचा, हे ऑपरेटर ठरवतो

श्रावण संपत आला की लालबाग-परळमध्ये दोन प्रकारचे कारखाने रात्रभर जागे असतात. एक मूर्तींचे, दुसरे फ्लेक्सचे. मूर्तीच्या कारखान्यात गर्दी बघ्यांची असते. फ्लेक्सच्या दुकानात गर्दी कार्यकर्त्यांची असते आणि त्यातल्या प्रत्येकाला अक्षरांबद्दल ठाम मत असतं. "जरा रुबाबदार फॉण्ट टाक." "अध्यक्षांचं नाव जाड कर." "अजून जाड." "आता उपाध्यक्षांचं त्याहून थोडं कमी जाड, पण कमी केलंय असं वाटता कामा नये." संगणकासमोर बसलेला ऑपरेटर सगळ्यांचं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि गेली कित्येक वर्षं लावत आलेला तोच फॉण्ट लावतो. सगळे खूश होऊन चहा मागवतात.

देवनागरीचा फॉण्ट कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काढावा, कोणत्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढावा, यावर जाणकार मंडळी गंभीरपणे वाद घालतात. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्राने २००८ पासून त्यासाठी ‘टायपोग्राफी डे’ सुरू केला. एखाद्या वक्रावरचा बिंदू दोन घरं डावीकडे असावा की उजवीकडे, यावर तिथे जेवणाची सुट्टी संपू शकते. पण अक्षर करणारा एक, ते विकत घेणारा दुसरा आणि वापरणारा तिसरा असतो, आणि मुंबईत शेवटचा शब्द नेहमी या तिसऱ्याचा राहिला आहे. अक्षर करणाऱ्यांची ही तक्रार संगणकापेक्षा बरीच जुनी आहे.

गिरगाव-काळबादेवीच्या पट्ट्यात मराठी छपाईने बाळसं धरलं, तेव्हा पहिली पसंती खरं तर अक्षर ‘ओतण्याला’ नव्हतीच. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाछापावर. शिळाछापाची मोठी सोय अशी की फॉण्टचा प्रश्नच उद्भवत नाही. सुंदर हस्ताक्षराचा माणूस लिहितो, दगड ते मुकाट्याने छापतो. काना कुठे जोडायचा आणि रफार कुठे बसवायचा, हे लिहिणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला हे समजावून सांगायला काही हजार ओळींचा कोड लागतो.

मग आले जावजी दादाजी. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेला हा मुलगा टाइप ओतण्याचं काम शिकला, १८६४ मध्ये त्याने स्वतःची फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या वळणदार अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. काम असं चाले: पोलादी पंचाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून मातृका करायची आणि मातृकेत शिसं, अँटिमनी, कथील यांचा रस ओतून खिळे पाडायचे. आजच्या डिझायनरच्या सोर्स फाइल, मास्टर आणि एक्सपोर्ट या तीन पायऱ्या तिथे जशाच्या तशा होत्या. फरक इतकाच, की पोलादात ‘अनडू’ नव्हतं. ‘क्ष’ची शेपटी जरा जास्त कोरली गेली तर नवा पंच घ्यायचा आणि मालकाची नजर चुकवायची.

एवढं करून तो टाइप जायचा जुळाऱ्याकडे. इंग्रजीच्या जुळाऱ्याला खिळ्यांच्या दोन केसा पुरत. देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार असे शेकडो खिळे मांडलेले असत. कुठल्या खणात काय, हे त्याच्या बोटांना पाठ असे. फाउंड्रीने नवा, सुधारित, शास्त्रशुद्ध संच आणला की त्याचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसे. "खण बदलले का?" बदलले असतील तर संच वाईट.

दस्तुरखुद्द लोकमान्य टिळकही या प्रश्नापुढे हात टेकायला तयार नव्हते. ‘केसरी’ यंत्रावर जुळवता यावा म्हणून त्यांनी देवनागरीची मोडतोड करून खिळ्यांची संख्या १९० च्या आसपास आणून ठेवली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर यंत्राला न वाकवता अक्षरांनाच वाकायला सांगितलं: इ, उ, ए कशाला हवेत, ‘अ’लाच वेलांट्या, उकार नि मात्रा लावा, तेवढे खिळे वाचतील. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती पद्धत काही काळ चालवलीही. वाचकांनी मासिक आवडीने वाचलं आणि घरी पत्र लिहिताना ‘इ’ जुन्याच पद्धतीने काढला.

या सगळ्या उलाढालींचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा होता. तो ठेवला बापूराव नाईकांनी. त्यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. नाईक सरकारी मुद्रणखात्यातले. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात गॅझेट आणि अर्जांचे नमुने छापले जातात एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांनी हे तीन खंड एकदा उचलून पाहावेत. निदान वजनाची कल्पना येईल.

जुळाऱ्याच्या बोटांची सवय पुढे टंकलेखकाच्या बोटांत उतरली, आणि इथे लालबागचा पुन्हा संबंध येतो. गोदरेज कंपनीची सुरुवात १८९७ मध्ये लालबागमध्ये कुलपांपासून झाली. याच कंपनीने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. देवनागरी टाइपरायटरचा कायदा सोपा होता: डोळ्यांना जे आधी दिसतं ते आधी बडवायचं. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. रफार असेल तर अक्षर आधी, रफार नंतर. सरकारी टंकलेखन परीक्षेसाठी गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून हजारो मुलामुलींनी हे घोटलं. नंतर संगणक आले, टाइपरायटर भंगारात गेले. पण वेलांटी आधी मारणारं बोट निवृत्त झालं नाही.

संगणकावरचे पहिले मराठी फॉण्ट याच बोटाच्या सोयीने बेतले गेले. त्यांची रचना समजायला गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणावी. एका फॉण्टमध्ये २५६ खोल्या. त्यातल्या काही संगणकाने स्वतःच्या कामासाठी आधीच अडवलेल्या. उरलेल्या मुळात इंग्रजी भाडेकरूंच्या नावावर. तिथे मराठी अक्षरांनी पोटभाडेकरू म्हणून बिऱ्हाड थाटलं: एका खोलीत अर्धा ‘त’, शेजारी मात्रा, जिन्याखाली रफार, आणि ‘ट्ट’, ‘द्ध’ वगैरे जोडपी जागा मिळेल तिथे. यात एक घोळ होता. प्रत्येक कंपनीने खोल्या वेगळ्या वाटल्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, शिवाय आकृती. प्रत्येकाचा नकाशा निराळा. एका फॉण्टमध्ये ‘चि. सौ. कां.’ असलेली वधू दुसऱ्या फॉण्टमध्ये गेली की तिच्या जागी डॉलर, कंस आणि टक्क्याचं चिन्ह उभं राही.

गिरगावातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानांतून आणि दादरच्या डीटीपीवाल्यांकडून या फॉण्टांनी दोन पिढ्यांचे विवाह लावले. फॉण्टांना कधी नावं होती, योगेश, सुरेख. कधी नुसते आकडे. श्रीलिपीचा ‘७१४’ तर इतका रुळला, की आज अॅपलच्या मॅकवर तो ‘श्री देवनागरी ७१४’ या नावाने आयता मिळतो. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने आपल्या यंत्रात जो आकडा जपून ठेवला आहे, तो दादरच्या दुकानात "सातशे चौदा मार रे" एवढ्यानेच ओळखला जातो.

तिकडे शहाणी माणसं या २५६ खोल्यांच्या घोळावर कायमचा उपाय शोधत होती. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला तिच्या हक्काच्या १२८ जागा मिळाल्या. ‘क’ जगात कुठेही गेला तरी ‘क’च. त्यातून अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार कसे घडवायचे, याचे नियम फॉण्टच्याच पोटात लिहायचे. हे काम ओपनटाइप नावाच्या फॉरमॅटने केलं, जो मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीने १९९६ मध्ये जाहीर केला. विंडोजसोबत घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा असा फॉण्ट. तो र. कृ. जोशींनी केला. जाहिरात, सुलेखन, कविता आणि अध्यापन यांत वावरलेल्या जोशींच्या अक्षरांत सरकारी कचेरी दिवसभर टंकलेखन करत असते आणि हा फॉण्ट संगणकासोबत आपोआप उगवला असावा अशी तिची समजूत असते.

युनिकोडने वेलांटीचा क्रम मात्र उलटा केला. आता ‘क’ आधी, वेलांटी नंतर. संगणक ती स्वतः उचलून पुढे ठेवतो. तर्क बिनतोड होता. पण ज्या बोटांनी तीस वर्षं वेलांटी आधी मारली, त्यांना तर्क कोण समजावणार?

त्यात मराठीची स्वतःची पथ्यंपाणी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत रफार वेगळा. समुद्र कुठला आणि डोंगरातली खोली कुठली, हे त्या एका टोपणावर ठरतं. हिंदीसाठी केलेल्या फॉण्टला या दुसऱ्या ‘र’ची दखलच नसते आणि मग ‘आचाऱ्यांचा सत्कार’ हा ‘आचार्यांचा सत्कार’ होऊन केटररच्या शालीचा मान प्राचार्यांना मिळतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर ‘अ’वर चंद्र चिकटवून भागवलेले कितीतरी ‘अॅडव्होकेट’ अजूनही काही पडद्यांवर अधेमधे टिंबांचं वर्तुळ घेऊन वकिली करतात. शिवाय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त हवा आणि ‘श’ देठयुक्त. दंडवाला ‘ल’ हिंदीचा. युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच. त्यामुळे चांगला फॉण्ट दोन्ही रूपं पोटात ठेवतो आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली असेल तर पाकळी काढून देतो. फ्लेक्सच्या दुकानात मजकुराची भाषा काय नोंदवलेली असते? इंग्रजी. यूएस.

हे सगळं सांभाळून नवा फॉण्ट करायला बसणाऱ्या तरुण डिझायनरपुढे आज हत्यारांची वाण नाही. जर्मनीत घडलेलं ‘ग्लिफ्स’ २०११ पासून मिळतं आणि देवनागरीचे बरेचसे नियम आपणहून लिहून देतं. अट एकच, मॅक हवा. म्हणजे हत्यार निवडण्याआधी कर्ज निवडावं लागतं. ‘रोबोफॉण्ट’लाही मॅकच लागतो, शिवाय पायथन येणारा मित्र लागतो. ‘फॉण्टलॅब’ विंडोजवरही चालतं, म्हणून जुनेजाणते त्याला धरून आहेत. ‘फॉण्टफोर्ज’ जॉर्ज विल्यम्स यांनी २००० च्या सुमारास सुरू केलं. ते पूर्ण फुकट आहे, कुठल्याही यंत्रावर चालतं, करू म्हणाल ते करतं; फक्त त्याच्या खिडक्या पाहून नव्या विद्यार्थ्याला आपण चुकून बँकेच्या मुख्य संगणकात शिरलो की काय, अशी धास्ती वाटते. कुठल्याही हत्यारात बसलं तरी मराठीसाठी सहाशे ते हजार आकार काढायचे असतात, आणि ‘ळ’ला हाक मारायची तर यादीत ‘एल-एल-ए’ शोधावं लागतं.

फॉरमॅटचा वाद याहून चिवट. ट्रूटाइपचे (टीटीएफचे) वक्र द्विघाती, पोस्टस्क्रिप्टचे त्रिघाती. पहिल्यात चौकट बहुधा २०४८ घरांची, दुसऱ्यात १००० ची. डिझायनर त्रिघातीत काढतो, कारण हाताला ते गोड लागतं. बाहेर देताना बहुतेक वेळा टीटीएफ करतो, कारण मोबाइल आणि विंडोजला ते पचतं. मूळ काम साठवायला ‘यूएफओ’ नावाचा खुला फॉरमॅट आहे. तो फाइल म्हणून मागावा तर हातात फोल्डर येतो, आणि त्यात प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल असते. दिसायला गबाळं, पण दहा वर्षांनी सॉफ्टवेअर कंपनी बुडाली तरी ते उघडता येतं. अडोबीने १९८४ मध्ये आणलेल्या ‘टाइप वन’ फॉरमॅटला स्वतःच्याच सॉफ्टवेअरमधून जानेवारी २०२३ मध्ये निरोप दिला, तेव्हा खुल्या फॉरमॅटची टिंगल करणाऱ्यांनी गुपचूप आपल्या जुन्या सीड्या तपासल्या.

मुंबईतल्या ‘एक टाइप’ या गटाने या हत्यारांचं काय होऊ शकतं ते दाखवून दिलं. त्यांचा ‘मुक्त’ हा वाचनाचा सरळमार्गी फॉण्ट. ‘मोदक’ इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या पोटातली पोकळी फक्त रेघेएवढी उरते. ‘बालू’ने तर राष्ट्रीय एकात्मता घडवली: गुजरातीत तो बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, तमिळमध्ये बालू थंबी. सगळे खुल्या परवान्यावर, फुकट. पुढे ‘अनेक’ आला: नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या व्हेरिएबल तंत्रामुळे एकाच फाइलमध्ये अक्षर हवं तितकं जाड-बारीक आणि रुंद-अरुंद. म्हणजे उपाध्यक्षांचं नाव अध्यक्षांपेक्षा नेमकं किती कमी जाड ठेवायचं, हा मंडळाच्या राजकारणातला सर्वांत नाजूक प्रश्न तंत्रज्ञानाने एका सरकपट्टीवर आणून सोडवला.

आणि दुकानातल्या कोरल या आखणीच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती व्हेरिएबल फॉण्टच्या जन्माआधीची निघाली.

दुकानातला प्रवास प्रत्यक्षात असा होतो. मंडळाचे सचिव मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतात. तो युनिकोडमध्ये असतो. ऑपरेटर तो कन्व्हर्टरमध्ये टाकून जुन्या, २५६ खोल्यांच्या फॉण्टमध्ये आणतो. तेवढ्यात ‘कार्यकर्ते’मधला रफार हलतो, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्’ गळतो. ऑपरेटर ते हाताने दुरुस्त करतो, वेलांटी आधी मारून. कुणी नव्या विचारांचा असेल तर युनिकोड थेट फोटोशॉपमध्ये चिकटवतो. तिथे ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणीची खूण केलेली नसते, आणि ‘हार्दिक’मधली वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. मग तोही जुन्या वाटेला लागतो. शेवटी येते ती कोरलमधली कळ, जिच्यापुढे शिळाछापापासून व्हेरिएबलपर्यंतचा इतिहास शरण जातो: कंट्रोल-क्यू. ऑपरेटरच्या भाषेत ‘कर्व्ह करणं’. त्यानंतर फॉण्ट, फॉरमॅट, युनिकोड, द्विघाती-त्रिघाती काही उरत नाही. अक्षरांची नुसती चित्रं उरतात. त्यानंतर कुणीतरी म्हणतं, "अरे, खजिनदारांचं आडनाव चुकलं."

यावर ऑपरेटरला अडाणी ठरवणं सोपं आहे आणि चुकीचंही. रात्री दोन वाजता, दहा बाय वीसचा फ्लेक्स, सकाळी आगमन, मशीनवाला दुसऱ्या गल्लीत, त्याच्या संगणकात कुठला फॉण्ट आहे याचा भरवसा नाही. अशा वेळी मजकुराचं चित्र करून पाठवणं हाच एकमेव फॉरमॅट आहे जो कुठेही बिघडत नाही. जुना फॉण्टही तो आळसाने धरून नाही. त्याच्या बोटांना तो डोळे मिटून येतो आणि त्याला तासाचे नव्हे, नगाचे पैसे मिळतात. खटाववाडीतल्या मौज प्रिंटिंग ब्युरोने मुद्रणाची जी शिस्त पाळली, तिच्यामागे प्रुफं पुन्हा पुन्हा तपासण्याची मुभा होती. शिवाजी मंदिरातल्या नाटकांची शीर्षकं कमल शेडगे हाताने रेखाटत, तेव्हा प्रत्येक नाटकाला स्वतःची अक्षरं मिळत. फ्लेक्सवाल्याला यातलं काहीच मिळत नाही; मिळतात ते सहा कार्यकर्ते, मागे उभे.

तेव्हा फॉण्ट करू पाहणाऱ्यांनी हत्याराची फार चिंता करू नये. मॅक असेल तर ग्लिफ्स, नसेल तर फॉण्टलॅब, पैसे नसतील तर फॉण्टफोर्ज. मूळ काम यूएफओत जपावं, बाहेर टीटीएफ द्यावं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘ॲड.’ आणि ‘हार्दिक’ तपासावं, पाकळीचा ‘ल’ भाषा न विचारता आधीच समोर ठेवावा, आणि फॉण्ट जाहीर करण्याआधी परळच्या एखाद्या दुकानात जाऊन तिथल्या जुन्या कोरलमध्ये चालवून पाहावा. तिथे अडला तर पवईत मिळालेल्या टाळ्या फारशा कामाच्या नाहीत. आणि मंडळाच्या, लग्नघरच्या, वाढदिवसवाल्या सर्व मंडळींना एकच विनंती: फॉण्ट रुबाबदार आहे की नाही ते नंतर बघा, ऑपरेटर कंट्रोल-क्यू दाबण्याआधी सगळी आडनावं एकदा मोठ्याने वाचून घ्या.